घडीवर कापलेला चतुर

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या बहिणीच्या धाकट्या मुलाचा, म्हणजे टाचण्याचा, साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग कमी धरून घे.) इकडे आम्ही सगळे ठीक. हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवणार हे ठाऊक असल्यामुळे अक्षर नेहमीपेक्षा बरं काढतो आहे. वहिनींनाही नमस्कार. वहिनी, मधली मधली वाक्यं ‘काही विशेष नाही’ म्हणून गाळू नका. गेल्या पत्रातला माझा गुडघा तुम्ही अख्खा गाळलात, आणि मावशीने मला फोनवर विचारलं की सकाळी पळायला जातोस की नाही.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. डॉक्टरांच्या मते आता सुईत दोरा ओवता येईल इतकं स्वच्छ दिसायला हवं. वहिनी म्हणतात, दिसतं सगळं, पण बघण्यासारखं काही उरलेलं नाही असं तू म्हणतेस. मला हे बोलणं मुळीच आवडलेलं नाही, आणि हे वाक्य वहिनींनी जरा मोठ्याने वाचावं. शिवाय तू शिलाई मशीनवर कापड टाकून त्यावर फुलदाणी ठेवली आहेस, अशीही बातमी आहे. काका गेल्यापासून दोन वर्षं त्या मशीनचं चाक फिरलेलं नाही. ज्या मशीनखाली बसून लोहचुंबकाने टाचण्या गोळा करत मी वाढलो (आणि ज्यापायी मला हे नाव पडलं, ते माझ्या लग्नपत्रिकेत छापलं जाता जाता राहिलं), त्या मशीनवर फुलदाणी? कामाच्या बाईला सोफ्यावर बसवून तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात, तसं ते मशीन अवघडून बसलं असेल. पण रागावायचा हक्क आज माझा नाही. हे पत्र संपेपर्यंत रागावायची पाळी तुझी येणार आहे.

तू दर फोनला शेवटी एकच विचारतेस, माझा चतुर कसा आहे. घरातला एखादा मुलगा नोकरीसाठी परगावी असावा आणि त्याची खुशाली विचारावी, तसं. मी गेले तीन फोन सांगतो आहे, मजेत आहे. मावशी, मी खोटं बोललो. एकतीस वर्षं संग्रहालयाच्या छताला टांगलेला तुझा आणि काकांचा चतुर खाली उतरवला आहे. सध्या तो माझ्या खोलीत दोन टेबलं जोडून त्यांवर ठेवला आहे, आणि तो परत वर चढणार की मोडीत निघणार, हे ठरवणाऱ्या कागदावर सही माझी हवी आहे. झालं, सांगून मोकळा झालो. वहिनी, त्यांना पाणी द्या.

आता हे कसं झालं ते मुळापासून सांगतो. तुला बरंचसं ठाऊक आहे, पण वहिनी या घरात आल्या तेव्हा चतुर केव्हाच वर चढलेला होता. तर वहिनी, आमच्या संग्रहालयात कीटकांचं एक दालन आहे. हे कीटक कोट्यवधी वर्षांपूर्वी होऊन गेले, आता दगडात त्यांचे ठसे तेवढे उरलेत. ठसे काळपट आणि बोटाएवढे, त्यामुळे लोक त्यांच्यापुढे थांबत नाहीत. लोक थांबतात ते चतुराखाली. काका इथे सुतार होते. त्यांनी लाकडाचं अंग केलं, तारांचा सांगाडा केला, आणि मावशीने पडद्याच्या झिरझिरीत कापडाचे पंख कापून त्यांवर पुस्तकातल्या चित्राबरहुकूम एकेक शीर काळ्या दोऱ्याने मशीनवर घातली. उन्हं खिडकीतून आली की भिंतीवर त्या शिरांची जाळी पडते, आणि पहारेकरी खुर्ची तेवढी सरकवत सरकवत तिच्या सावलीत बसतो. मी इथे फलक लिहितो. वस्तूखाली जी पाटी असते ती लिहिणारा कुणीतरी माणूस असतो, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. बावीस वर्षं तो माणूस मी आहे.

तर तीन महिन्यांपूर्वी एका दहा वर्षांच्या मुलीचं पत्र आलं. दारावरच्या फलकात चतुर ‘गरुडाएवढा’ आहे, चतुराखालच्या फलकात ‘पंखविस्तार दीड मीटर’ आहे आणि तिकिटाच्या मागच्या बाजूला ‘लहान मुलाएवढा’ आहे. तर यांतलं खरं कोणतं, आणि लहान मूल म्हणजे कितवीतलं, असे तिचे दोन प्रश्न होते. खाली तिने स्वतःची उंची लिहून दिली होती, तुलनेला उपयोगी पडावी म्हणून. आमच्या मुख्य बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला बोलावणं पाठवलं. बाई कधी आवाज चढवत नाहीत, त्या पेन्सिलीला टोक काढतात. त्या दिवशी माझ्यासमोर पेन्सिल निम्मी झाली. हुकूम असा निघाला की दालनातल्या प्रत्येक कीटकाला आपण केवढा म्हटलं आहे आणि तो खरोखर केवढा होता, याची मी पडताळणी करायची, आणि ज्या मापाला आधार सापडणार नाही ते उतरवायचं, फलक असो की प्रतिकृती. तोवर दालन बंद.

मला वाटलं, यात काय मोठंसं? पुस्तकं बघायची, आकडे ताडायचे. सुरुवात झुरळापासून केली, कारण आमच्या फलकावर प्राचीन झुरळ ‘मांजराएवढं’ होतं. आधार शोधायला गेलो तर फलकाने माहितीपुस्तिकेकडे बोट दाखवलं. पुस्तिका काढली, तर तिच्यात तळटीप होती : पाहा, दालनातील फलक. मी त्या दोघांमध्ये अर्धा दिवस फिरलो. मग तिकीटवाल्यांना विचारलं, ते म्हणाले पहारेकरी सांगतो. पहारेकऱ्याला विचारलं, तो म्हणाला साहेब, तुम्हीच तर लिहिलंय. (मी नव्हतं लिहिलं. माझ्या आधीच्या गृहस्थांनी लिहिलं होतं. त्यांना विशेषणांचा सोस फार, त्यांच्या काळात या दालनातला डाससुद्धा ‘अजस्र’ होता.) शेवटी दगडातलं झुरळ बाहेर काढून हातावर ठेवलं, तर तळहातात आरामात मावलं. मांजर मोठं होतं की लहान, हा प्रश्नच उरला नाही. राणीमुंगीने मात्र लाज राखली, फलकावर होती चिमणीएवढी, निघाली माझ्या अंगठ्याएवढी, पण मुंगीने अंगठ्याएवढं व्हायचं म्हणजे थोडं नव्हे. आणि एका प्राण्याचं माप अगदी खरं निघालं, दोन मीटरांच्या वर, शेकडो पायांचा, अंगावर कवचाच्या पट्ट्या. फक्त तो कीटक नव्हता. कीटकाला पाय सहा. म्हणजे साऱ्या दालनात खरं माप एकाचंच, आणि तोच चुकून आत येऊन बसलेला.

ही मापं मी तुझ्या टेपने घेतली. मला नोकरी लागली तेव्हा तू तुझी जुनी मापाची टेप दिली होतीस, पिवळी, एका टोकाला पितळेची पट्टी असलेली, ती आठवते ना? ‘कुणी काही म्हटलं तर मोजून बघायचं, भांडायचं नाही,’ असं म्हणून दिली होतीस. आठवडाभर मी दालनातली एकूण एक वस्तू मोजली, आणि दर वस्तू जुन्या नोंदीपेक्षा थोडी कमी भरली. मला वाटलं, सगळ्यांनीच फुगवून लिहिलंय. उत्साहाच्या भरात दारं मोजली, ती कमी. पहारेकऱ्याची उंची मोजली, तो तीन सेंटीमीटरने खुजा निघाला. त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं आहे आणि मुलीकडे एकशे सत्तर कळवलेले आहेत, त्यामुळे तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी माझी टेप लोखंडी पट्टीशेजारी ठेवली. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या छात्या आणि कंबरा ओढून ओढून टेप लांबली होती, दीडशेच्या जागी एकशे साडेबावन्न. बाईंनी दुसरी पेन्सिल घेतली. मी सगळं पुन्हा मोजलं. पहारेकरी आता एकशे सत्तर आहे आणि माझ्यासाठी चहा आणतो.

हे सगळं लिहिताना मी चतुरापाशी यायचं टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. चतुर मी यादीत सर्वांत शेवटी ठेवला होता. मावशी, मला आधीपासूनच धास्ती होती. कोणतंही नवं पुस्तक उघडलं की सर्वांत मोठ्या चतुराचं माप एकच, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे सत्तर सेंटीमीटर. आणि आपला भरतो एकशे चाळीस. (त्याचे ‘दीड मीटर’ आमच्या त्या विशेषणवाल्या गृहस्थांनी केले, वरचे दहा सेंटीमीटर त्यांनी घरून आणले असावेत.) मग हा एकशे चाळीसचा आकडा आला कुठून? फलकाने पुस्तिका दाखवली, पुस्तिकेने फलक दाखवला, ते तर झालंच. फलकाचा कच्चा मसुदा सापडला, त्यात लिहिलं होतं, ‘टांगलेली प्रतिकृती मोजून माप टाकावे.’ म्हणजे चतुर केवढा होता, याला आधार तू शिवलेला चतुर. एकतीस वर्षं शाळांच्या सहली आल्या, मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं, मास्तरांनी तपासून बरोबरची खूण केली, आणि या सगळ्याच्या मुळाशी कोण, तर माझी मावशी. राईचा पर्वत होतो हे ऐकलं होतं, पण राई आपल्याच घरातली निघेल असं वाटलं नव्हतं.

मग जुन्या फायली उपसल्या. तिसऱ्या दिवशी शिंकांच्या मधोमध तो कागद सापडला. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी सुतारखात्याला, म्हणजे काकांना, लिहिलेला हुकूम : चतुर, पंखविस्तार सत्तर सेंटीमीटर. म्हणजे साहेब बरोबर होते. मी तो कागद हातात धरून फायलींच्या खोलीतच खाली बसलो (गुडघ्यासकट), आणि तुझी मापाची वही डोळ्यांपुढे आली. छत्तीस छातीच्या गिऱ्हाइकापुढे तुझ्या वहीत अठरा लिहिलेलं असायचं. कुणी विचारलं तर तू म्हणायचीस, कापड घडीवर कापायचं, मग अर्धंच लागतं, उघडलं की पुरं होतं. काकांनी घरी येऊन तुझ्यापुढे चिठ्ठी ठेवली असणार, ‘चतुर, पंख ७०’. तू नेहमीसारखं कापडाला घडी घातलीस, घडीपासून सत्तर मोजलेस, कात्री चालवलीस आणि कापड उघडलंस. सत्तरचे एकशे चाळीस झाले ते असे. जगात इतक्या ठिकाणी हा चतुर करून टांगला असेल, पण ही चूक फक्त आपल्याच घरात होऊ शकत होती, आणि खरं सांगू, मला त्या क्षणी हसूच आलं. मग आठवलं की मला हे बाईंना सांगावं लागणार, आणि हसू गेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तुझ्याच टेपवाल्या वाक्याने मला अडकवलं होतं, मोजून बघायचं, भांडायचं नाही.

बाईंना सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, हे पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी बाहेरून एक संशोधक मुलगी बोलावली. ती उंच, गंभीर, खांद्यावरच्या पिशवीत पितळेचं कर्कटक, म्हणून पहारेकऱ्याने तिचं नाव तासाभरात कर्कटकताई ठेवलं. तिला चतुर जवळून बघायचा होता, म्हणून तो उतरवायचं ठरलं. विजेवाला शिडीवर, पहारेकरी आणि मी खाली. उतरला छान. पण तो मुळात दालनाच्या आतच जोडलेला होता, दारातून आत आलेलाच नव्हता, ही गोष्ट आम्हाला तो दारात अडकल्यावर कळली. एक पंख व्हरांड्यात, एक दालनात, अंग चौकटीत, आणि मी अंगाखाली, कारण गुडघ्यामुळे मला वेळेवर मागे होता आलं नाही. पलीकडून बाई आल्या, अलीकडून कर्कटकताई. दोघींनी माझ्या डोक्यावरून चतुराच्या मापाबद्दल बराच वेळ शांतपणे चर्चा केली. कुणीतरी तिरका करा म्हणालं, आम्ही केला, तेव्हा विजेवाला आत अडकला. शेवटी पंखांचे स्क्रू काढले, अंग उघडून दोन तुकड्यांत वेगळं केलं, आणि आमची सुटका झाली. घाबरू नकोस, पंखाला ओरखडासुद्धा नाही. काकांचे स्क्रू एकतीस वर्षांनी पहिल्या वळशाला सुटले, प्रत्येकाला मेण लावलेलं होतं.

मग कर्कटकताई माझ्या खोलीत तुझ्या पंखांपुढे बसली ती जेवणाची सुट्टी झाली तरी उठेना. भिंग घेऊन शिरा मोजत होती. तू घातलेल्या शिरा. शेवटी म्हणाली, हे ज्यांनी शिवलं त्यांना कीटकशास्त्र येतं का? मी म्हटलं, त्यांना ब्लाउज येतात. ती हसली नाही (ती हसत नाहीच), म्हणाली, मुख्य शिरांतली एकही चुकलेली नाही, एक जिथे दुसरीला मिळते ती जागासुद्धा अचूक आहे, नवी प्रतिकृती बनवणारे इथेच चुकतात. मावशी, मी मुद्दाम दोनदा विचारून घेतलं, म्हणजे तुला खात्रीने लिहिता यावं. मग मी तिला तुझ्या घडीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, आता तरी हसेल. तिने भिंग खाली ठेवलं. म्हणाली, आम्ही दुसरं काय करतो? या सर्वांत मोठ्या चतुरांपैकी अख्खा कुणालाच मिळालेला नाही. दगडात मिळतो पंखाचा तुकडा. त्याच्या लहान भावंडांचे पुरे पंख मिळालेत, त्यांच्याशी ताडून त्या तुकड्यावरून एक पंख केवढा ते ठरवायचं, मग त्याची दुप्पट, मधे अंगाची रुंदी. अर्ध्यावरून पुरं उघडायचं. तुमच्या मावशींनी आमचंच काम केलं, फक्त गरजेपेक्षा एकदा जास्त. हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मी उगाच खिडकी उघडायला उठलो.

पण तिने अहवालात लिहायचं ते लिहिलंच, माप चूक, आधार नाही. आणि नियमाप्रमाणे चतुर मोडीत. मावशी, मी बावीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंखाली दोन ओळी लिहीत आलो. पहिल्यांदाच मला वाटलं की या दोन ओळींनी काहीतरी करून दाखवावं. मी बाईंना म्हटलं, चतुर चुकलेला नाही, फलक चुकलेला आहे. मुंगीचं डोकं आपण पन्नास पट मोठं करून ठेवलंय, त्याला कुणी खोटं म्हणत नाही, कारण खाली ‘पन्नास पट’ लिहिलंय. मग याच्याखाली लिहू या, ‘खऱ्या चतुराच्या दुप्पट मापाची प्रतिकृती’. अक्षर न् अक्षर खरं. कर्कटकताईने मान हलवली. बाई पेन्सिल पुन्हा उचलून म्हणाल्या, चालेल, पण एका अटीवर. अट किरकोळ आहे, मागाहून सांगतो. सहीचा कागद टेबलावर चतुराच्या पंखाखालीच ठेवला आहे, मी अजून सही केलेली नाही.

तेव्हा काळजी नसावी. तब्येतीला जप, नवा चष्मा उशाखाली न ठेवता नाकावर ठेव. फोनवर बोललो असतो, पण तुझा आवाज ऐकला की मला खरं सांगता येत नाही, हे तीन वेळा सिद्ध झालं आहे. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि वहिनींना इथवर वाचल्याबद्दल धन्यवाद.

तुझा,
टाचण्या

ता. क. : आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. बाईंचं म्हणणं असं की दुप्पट म्हणायचं तर कशाच्या दुप्पट ते शेजारी दिसायला हवं. म्हणजे मोठ्या चतुराजवळ खऱ्या मापाचा, सत्तर सेंटीमीटरचा दुसरा चतुर टांगलेला हवा, त्याच शिरांचा, तशाच हातचा. दालन पुढच्या महिन्याच्या एक तारखेला उघडतं आहे. तोवर लहान आला तर मोठा राहील, नाहीतर मोठा ही नुसती चूक ठरेल आणि चुका आम्ही टांगत नाही. मी इथल्या एका शिंप्याकडे गेलो होतो. त्याने चित्र बघितलं, अस्तर लावायचं का विचारलं आणि ट्रायलला गिऱ्हाईक कधी येणार ते विचारलं. मावशी, हे काम तुझ्याशिवाय कुणाला येणार नाही. अंग आणि सांगाडा मी करतो. काकांनी मला रंधा धरायला शिकवलं होतं, आणि वाकडं झालं तर पंखांखाली झाकलं जाईल.

ता. क. दुसरा : वर मी लिहिलं आहे की सही अजून केलेली नाही. ती काल केली. त्या कागदात असंही लिहिलं आहे की दुसऱ्या चतुराचं काम सुरू झालेलं आहे. तेव्हा आता मला खोटं पाडायचं की नाही ते तुझ्या हातात आहे. कापड पार्सलने पुढे निघालंय, पत्राच्या आधीच पोचेल. वहिनी, फुलदाणी हलवा.

ता. क. तिसरा : वहिनी, इथे वाचन थांबवा आणि कागद त्यांच्या हातात द्या. मावशी, चष्मा लाव. हे मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो आहे आणि हे तू स्वतः वाचायचं आहेस.

दारात अडकल्यावर चतुराचं अंग उघडलं, तेव्हा आतल्या लाकडावर पेन्सिलीने काही लिहिलेलं दिसलं. अक्षर काकांचं. मी कुणाला काही न बोलता अंग परत बंद केलं. बाईंनाही सांगितलेलं नाही, कर्कटकताईलाही नाही. लिहिलंय ते असं :

‘पंख ७० सांगितले होते. हिने १४० कापले. महिनाभर शिवत होती. उसव म्हणायला जीभ रेटत नाही. सांगाडा वाढवला.’

तुला हे आधीपासून ठाऊक असेल तर तसं कळव, म्हणजे या घरात मी एकटाच मूर्ख ठरेन, आणि ते मला चालेल. ठाऊक नसेल, तर एकतीस वर्षं ते त्या चतुराच्या पोटात तुझ्यासाठीच होतं असं मी समजतो.

कापडाला पिन लावलेल्या चिठ्ठीवर लाल शाईने ‘७०, पुरं माप’ असं लिहिलं आहे. तरीही हाताच्या सवयीने घडीवर कापलं गेलं, तर उसवत बसू नकोस. सांगाडा मी वाढवीन.